अलीकडची तूर, पलीकडची तूर

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिण भागाला झोडपून काढले, त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. फालोंबे जिल्ह्यातला चौदा किलोमीटरचा एक कच्चा रस्ता दुरुस्तीच्या यादीत घ्यावा की वगळावा, याची शिफारस करण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. ग्रामसडक योजनेच्या कामांवर बारा वर्षे काढल्यानंतर एका सल्लागार संस्थेमार्फत मी मलावीत आलो होतो, आणि ज्या दिवसाविषयी लिहीत आहे तो सप्टेंबरातला, तुरीच्या काढणीच्या ऐन हंगामातला दिवस होता.

फालोंबेचे मैदान तीन हजार मीटरहून उंच अशा मुलांजे पर्वताच्या पायथ्यापासून चिल्वा सरोवरापर्यंत पसरलेले आहे. डोंगरावरून येणारे ओढे लांबीला कमी आणि उताराला तीव्र असल्यामुळे वर पाऊस कोसळला की खाली काही तासांतच लोंढा येतो. १९९१ च्या मार्चमध्ये अशाच एका लोंढ्याने या भागात शेकडो माणसे नेली होती. आमच्या रस्त्यावरच्या ओढ्यावर सिमेंटच्या दोन ह्यूम पाइपांची मोरी होती. ते पाइप मला वाळूत आडवे पडलेले सापडले आणि त्यांना साधा तडाही गेलेला नव्हता. वाहून आलेल्या झाडांनी आणि धोंड्यांनी मोरीचे तोंड बुजले, पाण्याने बाजूने वाट काढली आणि रस्त्याचा भराव कापून नेला. आता तिथे दोन पुरुष खोल आणि तीसेक पावले रुंद असा चर होता.

रस्त्याचे गुण ठरवण्याचा छापील नमुना माझ्याजवळ होता. मोटार, पिकअप, लहान ट्रक, मोठा ट्रक, बस आणि मोटारसायकल एवढेच रकाने त्यात होते. आधीच्या पाहणीत मोटारसायकल सोडून सगळीकडे शून्य भरलेले होते, म्हणून हा रस्ता यादीच्या तळाशी गेला होता. गाड्या नाहीत म्हणून रस्त्याला गुण नाहीत, आणि चरामुळे रस्ता तुटला म्हणून गाड्या नाहीत, असा हा फेरा होता. ग्रामसडक योजनेत निदान वस्तीची लोकसंख्या हा पहिला निकष होता. सपाटीवरची वस्ती पाचशे लोकांची असेल तर तिला बारमाही रस्ता मिळायला हवा, मग तिथे आज गाडी जात असो वा नसो. त्या योजनेतल्या उणिवा मी जवळून पाहिल्या आहेत, पण हा निकष मला आजही न्याय्य वाटतो.

जिल्हा कार्यालयातला एक तरुण सहकारी आणि मी पहाटे साडेपाचला चराच्या काठावर जाऊन बसलो. छापील नमुना मागे ठेवून मी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले: डोक्यावर ओझे घेऊन जाणारे, सायकलीवर ओझे नेणारे आणि रिकाम्या हाताने जाणारे. चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी, या हिशेबाने कागदाची एक बाजू सकाळी दहाच्या आत भरून गेली.

सायकली म्हणजे इथली खरी मालवाहतूक. भाड्याच्या सायकलीला काबाझा म्हणतात. तिच्या मागच्या कॅरिअरला लोखंडी सळया जोडून तो मजबूत केलेला असतो आणि त्यावर पन्नास किलोची दोन पोती जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी करकचून आवळलेली असतात. चराशी आल्यावर सायकलवाला उतरायचा, एक पोते सोडायचा, दुसऱ्या पोत्यासह सायकल मागे खेचून धरत तिरप्या पायवाटेने खाली न्यायचा आणि समोरचा चढ चढवायला तिथे बसलेल्या पोरांपैकी एकाला पैसे द्यायचा. मग पहिल्या पोत्यासाठी पुन्हा फेरी. बायका पोते काठावर उकलून तूर टोपलीत भरायच्या आणि डोक्यावरून तीनचार खेपांत पलीकडे न्यायच्या. तुरीच्या उलट दिशेने खताची पोती येत होती, कारण नोव्हेंबरात पाऊस सुरू होण्याआधी मक्याचे खत घरी पडायला हवे होते.

पण मला हादरवले ते दुसऱ्याच गोष्टीने. चराच्या अलीकडे एका आंब्याच्या फांदीला काटा टांगून एक व्यापारी तूर घेत होता, आणि पलीकडे, जिथपर्यंत ट्रक येऊ शकत होता तिथे, दुसरा व्यापारी बसला होता. सहकाऱ्याला पाठवून मी दोन्ही भाव विचारून घेतले. पलीकडे जो भाव होता, त्याचे पाच भाग केले तर अलीकडे चारच मिळत होते. म्हणजे पाच पोत्यांमागे एक पोते या चरात जात होते. पोरांना द्यावी लागणारी मजुरी या फरकाच्या निम्मीही नव्हती, उरलेली किंमत विकणाऱ्याच्या अडचणीची होती.

पाठीला लेकरू बांधलेली एक बाई आंब्याखाली पोते उतरवून बसली होती. मी तिला रीतीप्रमाणे ‘आमायी’ म्हणून नमस्कार केला आणि पलीकडे का जात नाही असे विचारले. पाठीवर मूल असताना टोपल्यांच्या खेपा होत नाहीत आणि पोरांवर पोते सोपवले तर वाटेत किती सांडेल याचा भरवसा नाही, असे तिने सांगितले. मग तिने माझ्या सहकाऱ्यामार्फत मलाच प्रश्न केला. तुमच्या देशात नांदोलो, म्हणजे तूर, रोज खातात असे ऐकते, तर एका वर्षी तुम्ही ती घेणे अचानक का थांबवले?

ती २०१७ विषयी बोलत होती. त्या ऑगस्टमध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि मलावी, मोझांबिकमधले भाव कोसळले. पुढे २०२१ मध्ये भारताने मलावीकडून दरवर्षी पन्नास हजार टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार केला. पण मधली वर्षे ज्यांनी काढली, त्यांच्या ती लक्षात आहेत. मी तिला खरे ते सांगितले. त्या वर्षी आमच्याकडेही तूर उदंड पिकली होती, सरकारचा हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता, बाजारात तेवढाही मिळत नव्हता आणि माझा भाऊ खरेदी केंद्राच्या रांगेत पोत्यांवर झोपून राहिला होता. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘भावाची तूर केंद्रापर्यंत गाडीने गेली का?’ मी म्हणालो, हो, टेम्पो घरापर्यंत आला होता. ती पुढे काही बोलली नाही. तिने पोते काट्याला लावू दिले.

संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आम्ही मोजत राहिलो. परतीच्या वाटेवर माझ्या मनात शिफारस पक्की झाली होती. हंगामात ती माती घट्ट कोरडी असते आणि चौदा किलोमीटरपैकी बहुतेक अंतर ट्रक विनातक्रार कापू शकतो, तो अडतो फक्त तीन जागी. तेव्हा सबंध रस्त्यावर मुरूम पसरण्याऐवजी त्या तीन जागा आधी बांधाव्यात. इथे मोरी पुन्हा बसवली तर ती पुन्हा बुजणार, म्हणून मी आपल्याकडच्यासारखा फरशी पूल सुचवला: ठेंगणा, दगडी, नेहमीच्या पाण्यासाठी खाली पाइप असलेला, पूर आला की पाणी वरून जाऊ देणारा, आणि दोन्ही अंगांना खोलवर पडदी भिंत असल्यामुळे बूड न उखडणारा. गावप्रमुखांना मात्र उंच पूल हवा होता. पुराच्या वेळी अडलेल्या बाळंतिणीचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. पाणी काही तासांत उतरते, एवढेच उत्तर मला देता आले आणि ते पुरेसे नव्हते. उंच पुलाचा आग्रह धरला असता तर आणखी कित्येक पावसाळे काहीच झाले नसते, हेही तितकेच खरे होते.

नमुन्यात रकाना नाही, या शेऱ्यासह माझा अहवाल एकदा परत आला. मी तो कोरा कागद दोन्ही काठांच्या भावांसह जोडून पुन्हा पाठवला आणि तीनपैकी दोन जागा मंजूर झाल्या, त्यांत ही एक होती. पुढच्या मे महिन्यात, पाऊस संपल्यावर, गावातल्याच मजुरांकडून काम सुरू झाले. जुलैत माझा करार संपला तेव्हा पडदी भिंत वाळूच्या पातळीला आली होती आणि शेतांत तुरीच्या शेंगा अजून हिरव्या होत्या.

सप्टेंबरात सहकाऱ्याने फोनवर एक फोटो पाठवला. फरशीवरून ट्रकच्या चाकांची माती अलीकडच्या काठावर चढत आली होती, आणि आंब्याच्या फांदीला दोन काटे टांगलेले होते.