उरलेल्या दहांचं काय?

"माझ्या आज्यान शंभरातले नव्वद इंचू उतरवल्यान."

देवगड स्टँडवर चहा पिता पिता शेजारच्या काकांनी ठणकावून सांगितलं. मी विचारलं, "आणि उरलेले धा?"

काकांनी बशीतला चहा संपवला. "तेंचो इश्वास नव्हतो."

घ्या! बरा झाला तर मंत्र, दगावला तर पेशंटची चूक. असं औषध नापास व्हायचं कसं?

खरी गोम (विंचवाच्या गोष्टीत गोम!) अशी की विंचू चावलेले बरेच जण रात्रभर ठणक्याने बोंबलतात आणि मग आपसूकच बरे होतात. तिथे मंत्राऐवजी तेराचा पाढा म्हटला तरी चालेल.

प्रश्न लाल विंचवाचा. दरदरून घाम, हातपाय गार, फुप्फुसात पाणी. अशा रुग्णांना महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. रक्तदाबाची साधी गोळी. माणसं वाचू लागली.

इथे कोणीही थांबून सत्कार घेतला असता. पण पुढे प्रतिविष (विंचवाच्या विषावरचा उतारा) आल्यावर त्यांनी आपल्याच गोळीची परीक्षा घेतली. ७० रुग्ण, काहींना नुसती गोळी, काहींना गोळी आणि प्रतिविष. कोणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं. दोन्ही मिळालेले लवकर सावरले आणि हा निकाल २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

आपली गोळी एकटी मागे पडते, हे ती देणाऱ्यानेच जगाला सांगायचं! मोबाईलवर रोज येणाऱ्या काढ्या-तेलांपैकी कोणी असं केलेलं ऐकलंय का हो तुम्ही?