लेदरखाली दडलेला अ‍ॅल्युमिनियम: एका एक्सके १२० च्या दाराचं काम

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत, म्हणजे जॅग्वारच्याच गावात, राहायला लागल्यावर जुन्या जॅग्वारचं अप्रूप हळूहळू ओसरतं. त्यातल्या एकीच्या दारात हात घालायला मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं. गाडी माझी नाही, आमच्या रस्त्यावर राहणाऱ्या सत्तरी उलटलेल्या एका गृहस्थांची आहे. मी चिंचवडला कारखान्यात उमेदवारी केली आहे हे त्यांना कळलं, तेव्हापासून शनिवारी त्यांच्या गॅरेजात माझी हजेरी ठरलेली.

जॅग्वारची एक्सके १२० ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. सुरुवातीच्या सुमारे २४० गाड्यांना लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने बसवलेला होता. मागणी वाढली तशी १९५० पासून बॉडी पोलादी झाली, पण दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचंच राहिलं. त्यामुळे गाडी बघायला येणारा माणूस वाकून खालची पोलादी चौकट ठोकून बघतो आणि दाराकडे ढुंकूनही पाहत नाही. अ‍ॅल्युमिनियमला काय होणार, असा त्याचा हिशेब.

या गाडीचं इंटीरियर मध्ये कधीतरी नव्याने केलेलं होतं. ज्याने केलं त्याने लेदर दाराच्या वरच्या काठावरून वळवून थेट उघड्या पत्र्यावर चिकटवलं होतं. आता तिथे फुगवटे आले होते. बोटाने दाबलं की आत काहीतरी कुरकुरायचं. हेअर ड्रायरने जरा ऊब देत लेदर सावकाश सोडवलं (हीट गन नको, लेदर आक्रसतं). खालून पांढरी पूड सांडली. पूड झटकल्यावर पत्र्यावर खड्डे दिसले. पितळी स्क्रूंच्या भोवती तर धातू गोल खाल्ला गेला होता. एका भोकातून स्क्रू डोक्यासकट आरपार गेला.

अ‍ॅल्युमिनियमला त्याच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर वाचवतो, आणि तो साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यानच टिकतो. क्रोमने कमावलेलं कातडं स्वतःच आम्लधर्मी असतं, पीएच ४ च्या आसपास. कमावण्याआधी ते मीठ आणि आम्लाच्या पाण्यात मुरवतात, त्यातले थोडे क्लोराइड आत राहतात. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात लोणचं भरू नये हे आमच्या आईला कोणी रसायनशास्त्र न शिकवता ठाऊक होतं. आंबट आणि खारट, तोच हा प्रकार. त्यात इंग्लंडची ओल आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ. लेदर ओल धरून ठेवतं, हवा लागू देत नाही, आणि ऑक्साइडचा थर पुन्हा धरायला हवाच मिळत नाही. शिवाय लेदर चिकटवायचं निओप्रीनचं सोल्यूशन जुनं झालं की त्यातूनही किंचित हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. पितळेचा स्क्रू म्हणजे तर शेजारी बसवलेली बॅटरीच: ओलीत दोन वेगळे धातू टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

साफसफाईला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. जुनं सोल्यूशन सॉल्व्हंटने काढलं. तारेचा ब्रश किंवा स्टीलवूल अजिबात वापरलं नाही, कारण लोखंडाचे कण मऊ पत्र्यात रुतून बसतात आणि तिथूनच पुन्हा सुरुवात होते. नायलॉनचा पॅड आणि कोरा पॉलिश पेपर, तोही आधी लोखंडावर न वापरलेला. खड्ड्यांच्या तळातली पूड एकेक करून उकरली. मग स्वच्छ पाणी ओतून पाहिलं: पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब थेंब होऊन तुटलं तर तेल अजून शिल्लक. पहिल्यांदा तुटलं. पुन्हा पुसलं.

प्रायमरवरून आमची चर्चा झाली. त्यांना आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्लाने पत्र्याला धरून बसणारं अस्तर, आणि त्यावर एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं प्रायमर, हवं होतं. मी नको म्हटलं. आम्लाच्या एच प्रायमरवर एपॉक्सी मारू नका असं बरेच उत्पादक सांगतात. विमानवाले वापरतात ते पिवळसर क्रोमेटचं द्रव्य उत्तम, पण षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, घरच्या गॅरेजात त्याचं काम नाही. शेवटी घासलेल्या पत्र्यावर, तो काही तासही उघडा न ठेवता, थेट दोन भागांचं एपॉक्सी प्रायमर दोन हात मारलं. माझ्या मते अशा कामात लोक इथेच चुकतात: सपाट भाग सुरेख रंगवतात आणि भोकांच्या कडा कोऱ्या सोडतात. लेदरच्या पोटात पाणी मुरतं ते नेमकं तिथे. म्हणून प्रत्येक भोकाच्या आत बारीक ब्रशने प्रायमर फिरवलं, पितळी स्क्रू काढून स्टेनलेसचे घेतले, आणि तेही ड्युरालॅक लावून बसवले. बोटींच्या कामात हे पिवळं लेपण वापरतात, दोन धातू एकमेकांना टेकू देत नाही.

लेदर जुनंच परत बसवलं. वळणाऱ्या कडा खालून तासून पातळ केल्या, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो. एपॉक्सी मध्ये आहे म्हटल्यावर सोल्यूशनच्या आम्लाची फारशी धास्ती उरत नाही. कडेला सिलिकॉन भरू या, असं त्यांनी सुचवलं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं, तेव्हा ते बाद. पण मुळात कडा बंद करायलाच मला नको होतं. आतली खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली आहे, आत गेलेली ओल तिथून बाहेर पडायला.

दुसऱ्या दारालाही फुगवटे आहेत, जरा लहान. ते एप्रिल-मेमध्ये उघडायचं ठरलं आहे, कारण बिनहीटरच्या गॅरेजात थंडीत एपॉक्सी नीट सेट होत नाही.