आमची वाटचाल : वाइंडिंग ते अर्थिंग

मोटार रिवाइंडिंगच्या धंद्यातली आमची बरी वर्षं एका ओळीत संपतात. जळक्या मोटारी यायच्या, आम्ही आतल्या तारेची वेटोळी (वाइंडिंग) काढून नवी भरून द्यायचो, पैसे यायचे. सांगण्यासारखं आहे ते दुकान कसं बुडालं आणि त्यानंतर मी कसा वाचलो, हे.

सुरुवात भागीदारीत झाली. भागीदाराचा हात इतका साफ की तारेची कॉईल गाभ्याच्या खाचेत (स्लॉटमध्ये) उतरवताना तारेवरच्या इनॅमलच्या लेपाला ओरखडा म्हणून नाही. हिशेब त्याला कधी जमला नाही, तो माझ्याकडे. पुढे बारीक तार दिसेना म्हणून तो स्वतःहून बाजूला झाला. जाताना त्याचं हाताने फिरवायचं 500 व्होल्टचं मेगर, म्हणजे इन्सुलेशन शाबूत आहे का ते सांगणारं मीटर, माझ्या टेबलावर ठेवून गेला. हँडल मिनिटाला 160 फेऱ्यांवर आलं की आतला क्लच घसरतो आणि हाताला ते कळतं. त्यानंतर कितीही जोर लावा, व्होल्टेज तेवढंच. काटा अनंतावर गेला की मोटार वार्निशच्या टाकीत, शून्याकडे पडला की कॉईल पुन्हा उपसायची. डिजिटल मीटर आता माझ्याकडेही आहे. पण तो फक्त आकडा सांगतो. काटा सावकाश चढतोय की थरथरतोय, हे बघायची सवय ज्यांना आहे त्यांनी जुनं मेगर भंगारात काढू नये.

आता ज्याच्यामुळे दुकान बुडालं, त्या माणसाबद्दल. नाव घेणार नाही, धंद्यातल्यांना कळेल. आमच्याच बाकावर शिकला आणि समोरच दुकान टाकलं. टाकायला हरकत नव्हती. पण काम कसं? गॅसच्या बर्नरने वाइंडिंग जाळायचं आणि ओढून काढायचं. स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, झटपट मोकळा होतो, हे खरं. पण गाभा साधारण 370 अंशांच्या वर गेला की लॅमिनेशनमधलं, म्हणजे गाभ्याच्या पातळ पत्र्यांमधलं, इन्सुलेशन जायला लागतं, मग गाभ्यातच प्रवाह फिरतो आणि मोटार रिकामी चालतानाही तापते. आम्ही जुनं वाइंडिंग ओव्हनमध्ये बेताने तापवून काढायचो, त्याचा काटा बघत बसायचो आणि गिऱ्हाईक विचारायचं, ‘तो संध्याकाळी देतो, तुम्हाला दोन दिवस कशाला लागतात?’

वर ॲल्युमिनियमची तार. तिची वाहकता तांब्याच्या 60 टक्क्यांच्या आसपास. तेवढाच प्रवाह न्यायचा तर तार जाड हवी, आणि स्लॉट काही गिऱ्हाइकाच्या घाईने रुंद होत नाही. म्हणजे मोटार तापणारच. इन्सुलेशनचं तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा. मोटार परत आली की बिल पुन्हा त्याचंच. चांगलं काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईक लवकर फिरकत नाही, हे गणित मी बाकावर कुणाला शिकवलं नव्हतं. त्याने ते स्वतःच शोधलं.

आमचा अर्धा धंदा एका कारखान्यावर होता. तिथल्या खरेदीवाल्यांनी दर मागवले, त्याचा दर आमच्या तारेच्या खर्चापेक्षा कमी निघाला. काम गेलं. मागची बिलं अडकली ती अडकलीच. ओव्हनचं कर्ज, तारवाल्याची उधारी, पोरांचे पगार. एकेक वस्तू विकत गेलो : आधी चेनपुली, मग वाइंडिंगमधला दोष शोधायचा ग्रोलर, मग ओव्हन. ओव्हन कोणी घेतला असेल? बरोबर. आणि घेऊन तो त्यात सामान ठेवतो, असं ऐकलं.

त्या काळात फोन उचलणारं गिऱ्हाईक एकच उरलं, लाकडाच्या वखारीचे तात्या. करवतीची मोटार दुसरीकडे भरायची नाही, असा त्यांचा हट्ट. एकदा स्टार जोडणीची, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉईलची एकेक टोकं एकत्र जोडलेली, मोटार जळून आली. दोन फेजच्या कॉईल काळ्या, तिसरी कोरी. मी म्हटलं, ‘तात्या, मोटारीचा दोष नाही. तुमचा एक फेज जातोय, उरलेल्या दोनवर सगळा भार पडतोय, आधी स्टार्टरचा कॉन्टॅक्ट बदला.’ ‘दुसऱ्याने गुपचूप भरून दिली असती,’ म्हणाले, आणि पुढे हे वाक्य येईल त्याला ऐकवायचे. दुकान बंद झाल्यावर वखारीतली वायरिंगची कामं त्यांनी मला मुद्दाम काढून दिली. उपकार वाटू नयेत म्हणून प्रत्येक बिलावर घासाघीस करायचे.

तिथेच मला शॉक बसला. रंधा मशिनच्या मोटारीत विजेची गळती होती. बॉडीची हिरवी अर्थ वायर बाहेरून ठाकठीक, पण पाइपच्या आत तुटलेली. फरशी ओली. मी गुडघ्यावर बसून बॉडीला हात लावला, एवढं आठवतं. पुढचं सगळं ऐकीव. करवतीवरचा पोरगा मला ओढायला धावला नाही. आधी मेन स्विच पाडला. मग मला उताणा केला आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबत राहिला. आधीच्या नोकरीत आगीच्या कवायतीबरोबर हेही शिकवलं होतं म्हणे. अँब्युलन्समध्ये छातीला झटका देऊन हृदय ताळ्यावर आणलं. दाबण्यात दोन बरगड्या मोडल्या. पोरगा कितीतरी दिवस माझी माफी मागत होता! त्याला किती वेळा सांगितलं, अरे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायचं म्हटल्यावर बरगडी मोडू शकते. बरगडी जुळते.

बोगदा, प्रकाश वगैरे काही दिसलं नाही. लोक विचारतात म्हणून सांगितलं.

पडून राहिल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. मोटार जळली की मालक रात्री अकराला दार ठोठावतो, कारण काम थांबतं. अर्थ वायर तुटली तर काहीच थांबत नाही. मशीन चालतं, दिवे लागतात. माणूस हात लावेपर्यंत ती तुटल्याचं कुणाला कळत नाही. मोटारीचं इन्सुलेशन तपासणारे गल्लोगल्ली आहेत. माणसाच्या बाजूने मेगर फिरवणारा कुणी नाही. हातात तेच मेगर होतं, कर्ज काढायचं त्राण नव्हतं. नव्या कामाची सुरुवात तात्यांच्या वखारीतूनच केली. घासाघीस न करता त्यांनी दिलेलं ते पहिलं बिल.

आता आम्ही अर्थिंग तपासतो, गळती शोधतो, आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवतो. ‘आमच्याकडे एमसीबी आहे की’ हे वाक्य रोज ऐकतो. एमसीबी म्हणजे प्रवाह फार वाढला की पडणारा स्विच. 230 व्होल्टवर माणसाच्या अंगातून साधारण पाव अँपिअरच्या आतबाहेर प्रवाह जातो, आणि हृदय बंद पडायला एक दशांश अँपिअरही पुरतो. 32 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘आमचा अर्थिंगचा खड्डा आहे’ म्हणणाऱ्यांनाही सांगतो. नुसत्या खड्ड्यावर भरवसा असेल आणि रेझिस्टन्स 5 ओहम असेल, तर बॉडीला फेज लागल्यावर फार तर 46 अँपिअर वाहतील. त्यावर 32 चा एमसीबी पडायला तासभरही लागू शकतो, तोवर बॉडी जिवंत. आरसीसीबी मात्र जाणारा आणि येणारा प्रवाह ताडून बघतो आणि 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की तुटतो. अर्थात एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर त्यालाही फरक दिसत नाही, तेव्हा फुशारकी नको. त्यावरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबत जा. आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांनी ते कधीच दाबलेलं नसतं.

काम संपलं की तिथल्या लोकांना गोळा करून छाती कशी दाबायची ते उशीवर दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही. करवतीवरचा पोरगा आता आमच्याकडेच आहे, ते तोच शिकवतो. माझ्या बरगड्यांचा किस्सा दरवेळी थोडा वाढवून सांगतो.

धंदा पूर्वीएवढा नाही. मोटार भरण्याच्या बिलाला कुणी कुरकुर करत नाही, अर्थिंगच्या बिलाला करतात, कारण पैसे देऊन दिसत काहीच नाही. अपघात झालेल्या ठिकाणी मात्र दर न विचारता बोलावतात.

मध्यंतरी समोरच्या दुकानातूनही बोलावणं आलं. त्याच्या कामगाराला झटका बसला होता, थोडक्यात निभावलं. जाऊन सगळं नीट करून दिलं. आमचा जुना ओव्हनही तपासला, त्याची बॉडी अर्थच केलेली नव्हती. बिल दिलंय. पैसे अजून यायचेत.