कळलावीने बोंड धरलं!

मारबत गेली (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) त्या आठवड्यात ज्या फुलांना बाहेरचे परागकण लावले होते, त्यांची बोंडं फुगून राहिली आहेत. पाकळ्या वाळून देठाला चिकटल्या, पण मधलं बोंड हिरवंगार आणि टणक आहे, तीन कप्प्यांच्या रेषा बोटाला लागतात. आजवर माझ्या गच्चीवर कळलावी, म्हणजे अग्निशिखेची वेल, फुलली भरपूर, फळली एकदाही नव्हती. फूल वाळायचं, पाठोपाठ देठ पिवळा पडायचा आणि सगळं गळून जायचं.

बाकीची खबर आधी उरकतो. कुंडी म्हणजे जुन्या कूलरची टाकी, तळाला भोकं पाडलेली. काळ्या मातीत रेती आणि पालापाचोळ्याचं खत घातलं, रेती निम्म्याला थोडी कमी. कोकोपीट यंदा पूर्ण बंद. उन्हाळ्यात ठीक, पण जुलैची झड लागली की ते पाणी धरून बसतं आणि कंद कुजतो. वेलाला आधार कूलरच्याच जाळीचा. कळलावी पानाच्या टोकाने धरते, त्यामुळे तिला बारीक तार लागते. जाडा पाइप दिला तर टोक नुसतं हवेत चाचपडत राहतं. कंद ऑनलाइन मागवणाऱ्यांना एकच सांगणं: कंदाच्या फाट्याचं टोक शाबूत असल्याचा फोटो आधी मागा. डोळा त्या टोकालाच असतो. तो मोडला की तो फाटा बहुधा फुटतच नाही, आणि विकणारे बिनदिक्कत मोडके पाठवतात.

आता बोंडाचं रामायण.

सकाळी ऊन चढायच्या आत एक फूल नीट बघा. सहा पाकळ्या मागे वळून वर गेलेल्या, तळाशी पिवळ्या, वर लाल, कडा कुरळ्या. सहा पुंकेसर चहूबाजूंना आडवे पसरलेले. परागकोश दांड्यावर मध्यातच तोललेला असतो, बोट लागलं की झुलतो. कुक्षीची (पराग जिथे लागायला हवेत त्या टोकाची) दांडी मात्र तळातूनच काटकोनात वळून फुलाच्या बाहेर निघालेली, टोकाला तीन फाटे. आपले पराग आपल्याच कुक्षीला सहजी लागू नयेत, असा हा बंदोबस्त. माझ्या गच्चीवर लहान मधमाश्या येतात, पण त्या पाकळीच्या बुडाशी मध पिऊन परत जातात. कुक्षीच्या टोकापर्यंत एकही फिरकत नाही.

म्हणून हाताने परागण सुरू केलं. तमिळनाडूत कळलावीची शेती बियांसाठीच होते आणि तिथे मजूर लावून हेच काम करतात, हे आपल्या गटातल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. मी ब्रश वापरला, कानकाडी वापरली. दोन्ही बेकार, अर्धे पराग कापसातच अडकतात. चिमट्याने अख्खा परागकोश तोडायचा आणि कुक्षीवर घासायचा, हे उत्तम. शेजारच्या काकू गच्चीवरून बघून म्हणाल्या, “काहून त्या फुलाच्या मागं लागून राहिला रे?” तरी बोंड काही धरेना.

एकच गोष्ट खटकत होती. माझे सगळे वेल मूळ एकाच कंदाच्या फाट्यांपासून वाढवलेले. दिसायला चार, पण झाड एकच. याचे पराग त्याला लावले काय आणि त्याला त्याचेच लावले काय! आपल्या गटातल्या रामटेककडच्या दादांच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) कुंपणात कळलावी आपसूक उगवते. त्यांना ताजे उमललेले परागकोश कागदी पाकिटात घालून पाठवायला सांगितलं. प्लास्टिक नको, आत दमट होऊन पराग गोळा होतात. पाकीट पहिल्या बसने आलं, आणि उन्हं तापायच्या आत मी कुक्षी रंगवून मोकळा. बाहेरचे पराग लावलेल्या देठांना लाल दोरा, घरच्यांना पांढरा. पांढरे सगळे गळले. लाल सगळे टिकले नाहीत, पण टिकलेत ते लालच.

हे लिहिता लिहिता सुचलं, की पुढच्या फुलांसाठी पराग सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) डबीत घालून फ्रीजमध्येच ठेवावेत. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “दह्याशेजारी विष ठेवशील तर तुलाही बाहेर ठेवीन.” तिचं बरोबर आहे. या झाडाचा एकही भाग निर्धोक नाही. तेव्हा तो बेत रद्द. त्यापेक्षा वेल सुकले की दादांकडून एक फाटा घ्यायचा, माझा एक त्यांना द्यायचा आणि पुढच्या मृगात दोन्ही एकाच टाकीत लावायचे. एकच माती, एकच पाणी, म्हणजे फुलतीलही आगेमागेच.

बियांसाठी एवढी खटपट का, असं नव्या मंडळींनी विचारलंय. कारण जंगलातला कंद औषधासाठी खणून नेतात, आणि खणला की ते झाड संपलं. प्रसूतीच्या कळा येईनात तर सुइणी कंद उगाळून बाईच्या बेंबीखाली, तळपायांना लेप लावत आणि बाळ बाहेर येताच तो धुऊन काढत. पानांचा रस उवांवर लावायचे. आयुर्वेदात ही लांगली, उपविषांतली एक. वापरण्याआधी कंद गोमूत्रात भिजवून शोधन करायला सांगितलंय ते उगाच नाही. यातलं कोल्चिसिन पेशींचं विभाजनच थांबवतं. गाउटच्या (सांधे सुजण्याच्या दुखण्याच्या) गोळ्यांत तेच असतं, पण अगदी मोजून. 1937 पासून वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करायलाही ते वापरतात. कंद चुकून खाल्ला तर आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव निकामी, आणि वाचलाच माणूस तर काही दिवसांनी केस गळतात. रताळ्यासारखा दिसतो म्हणून खाल्ल्याच्या घटना घडल्या आहेत. मला कुणी लेपासाठी कंद मागितला तर मी सरळ नाही म्हणतो, नात्यातलं असलं तरी. कोकणात गौरीला ही फुलं वाहतात. आपल्याकडच्या महालक्ष्म्यांपुढे ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, फक्त फुलोऱ्याच्या (फराळाच्या नैवेद्याच्या) ताटापासून आणि पोरांच्या हातापासून लांब.

बोंडांना आता जाळीच्या पिशव्या बांधल्यात. तडकली की आतून शेंदरी-लाल बिया दिसतात, आणि पोरांना त्या गोळीसारख्या वाटतील. बी उगवायला महिनोन्महिने घेतं. पहिल्या वर्षी गवतासारखी पानं आणि वाटाण्याएवढा कंद, एवढंच पदरात पडतं. फुलांसाठी आणखी काही पावसाळे थांबायची तयारी हवी. ज्यांना बी हवं त्यांनी आताच कळवा. घरी रांगतं मूल किंवा बकरी असेल तर मी देणार नाही. ज्यांचा वेल वेगळ्या ठिकाणच्या कंदाचा आहे त्यांना आधी, कारण मलाही त्यांचे पराग हवेत.