बंड्या, मी आणि फर्स्ट क्लास

"घोडेस्वारी करते" असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, उड्या मारता का? नाही. मग रेस? नाही हो. मग करता काय नक्की? तर 20 बाय 40 मीटरच्या आखलेल्या चौकोनात घोडा चालवते, मग दुडकी, मग थोडा कँटर (दुडकी आणि चौखूर यांच्या मधली चाल), एकदोन गोल, मधोमध थांबून जजला मान लववते आणि बाहेर येते. झालं. याला ड्रेसाज म्हणतात, आणि यातली गंमत (किंवा गैरसोय म्हणा) अशी की ते जितकं चांगलं जमेल तितकं काहीच घडत नाहीये असं दिसतं. बाई नुसती बसलीय, घोडा आपला आपण सगळं करतोय असं वाटलं पाहिजे. नवऱ्याने मागे एकदा व्हिडिओ काढला होता, तो बघता बघता सासूबाईंनी "सुरू कधी होणार गं?" विचारलं, तेव्हा तो संपत आला होता.

असो. तर पुण्याजवळच्या एका रायडिंग क्लबात डिसेंबरात छोटीशी स्पर्धा होती आणि सीनियर गटात मी. सीनियर म्हणजे अनुभवी वगैरे काही नाही, फक्त वयाने. आमच्या गटात आम्ही मोजकेच, बाकी सगळं मैदान शाळकरी पोरांचं, आणि ती पोरं मला सरसकट काकू म्हणतात. माझा नंबर साडेनऊनंतर, पण तबेल्यात पहाटेच हजर राहावं लागतं कारण घोडा सजवायला वेळ लागतो. आयाळीच्या वेण्या घालायच्या, प्रत्येक वेणी दुमडून रबराने बांधायची, आणि बंड्या तेवढ्यात मान खाली घालून गवत शोधणार, म्हणजे शाळेची बस दारात उभी असताना मुलीच्या वेण्या घालाव्यात तसा प्रकार. आमचे सईस मामा मात्र खरारा करता करता त्याच्याशी गावाकडच्या गप्पा मारतात आणि मामांपुढे तो पुतळ्यासारखा उभा. मला हे अजून जमलेलं नाही. वर पांढरी ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची तंग पँट! तबेल्यात घालायला पांढरा रंग कुणी निवडला त्या माणसाने आयुष्यात कधी खूर साफ केला नसणार. सगळे त्यावर जुनी ट्रॅक पँट चढवून फिरतात आणि शेवटच्या क्षणी ती उतरवतात.

बंड्या हे घरातलं नाव. कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी, कारण तो मुळात रेसचा घोडा. आपल्याकडच्या क्लबांत असे निवृत्त थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचे घोडे खूप, रेसचं करिअर लवकर संपतं, पुढे पंधरा-वीस वर्षं आयुष्य असतं, मग कुणी पोलोत जातं, कुणी आमच्यासारख्यांच्या नशिबी येतं. दिसायला राजबिंडे, पण शिकलेलं सगळं उलटं. रेसच्या घोड्याला लगाम ताणला की तोंड लगामावर टेकून पुढे सुटायची सवय लागलेली असते, त्यामुळे तुम्ही घाबरून जितकं ओढाल तितका तो खूष होऊन पळणार. जॉकी तर बऱ्याचदा चालत्या घोड्यावरच चढतात, त्यामुळे एका जागी शांत उभं राहायचं असतं हेच त्याला माहीत नाही. आणि आमची परीक्षा सुरूच होते ती मधोमध, एक्स या बिंदूवर, चारही पाय सारखे ठेवून शांत उभं राहण्यापासून.

आणि बंड्या माझा नाही, क्लबचा आहे. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, तर त्या हिशोबाने मी बारगीरच, ताशी फी भरणारी बारगीर! पण दर्ज्याचा विषय निघालाच आहे तर हे सांगायलाच हवं की ऑलिंपिकमध्ये 1948 पर्यंत ड्रेसाज फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होतं. त्या वर्षी स्वीडनने लंडनला सांघिक सुवर्ण जिंकलं आणि नंतर ते परत घेतलं गेलं, का तर त्यांचा एक स्वार खरा सार्जंट होता, स्पर्धेपुरता त्याला लेफ्टनंट केलेलं. घोडा तोच, स्वार तोच, मार्क तेच, फक्त हुद्दा कमी. 1952 ला हेलसिंकीत दारं उघडली, बायकाही आल्या, आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेलने पुरुषांच्या बरोबरीने उतरून वैयक्तिक रौप्य घेतलं. पोलिओने तिचे गुडघ्याखालचे पाय लुळे होते, घोड्यावर चढा-उतरायला मदत लागायची. आजही या खेळात बाई-पुरुष असे गट नाहीत, आणि वयाचंही फार कौतुक नाही, 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानचे हिरोशी होकेत्सु 71 व्या वर्षी ड्रेसाजला उतरले होते. हे मी घरी अधूनमधून सांगत असते.

वॉर्म-अपचं मैदान म्हणजे खरी स्पर्धा. नियम असा की समोरून घोडा आला तर डावा खांदा डाव्या खांद्याला लागेल असं एकमेकांना ओलांडायचं. म्हणजे आपण रस्त्यावर ज्या बाजूने चालतो त्याच्या बरोबर उलट. आता आयुष्यभर पुण्यात टू-व्हीलर चालवलेल्या बाईने काय करावं, डोकं सांगतं उजवीकडे, हात जातात डावीकडे, आणि समोरून दहा वर्षांचं पोर पोनीवरून सुसाट येतंय. तिथे सगळे "इनसाइड", "आउटसाइड" ओरडत असतात. हॉर्न तेवढा नाही.

चौकोनाच्या कडेला अक्षरं लावलेली असतात, ए के ई एच सी एम बी एफ, आणि टेस्टमध्ये, म्हणजे आमच्या परीक्षेत, कुठल्या अक्षराशी काय करायचं ते ठरलेलं. या क्रमाला काही अर्थ नाही, घोकायलाच लागतो. इंग्रजांचं त्यांच्या राजाचं वाक्य आहे, पण माझ्यासाठी टेस्ट वाचून दाखवणाऱ्या सातवीतल्या मुलीने मराठी करून दिलंय: "आई, काकू, एकदा हळू चालत माझ्या बरोबर फिरा." इतकं चपखल बसलंय की आता मला ती अक्षरं अक्षरं म्हणून दिसतच नाहीत. (खालच्या पातळीवर असं कुणी बाहेर उभं राहून वाचून दाखवलेलं चालतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सगळं पाठ.)

घंटा झाली की 45 सेकंदांत ए पासून आत शिरायचं. आणि तिथून पुढे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, जीभ टाळ्याला लावून चक चक केलं तरी मार्क जातात. मला वाटतं मराठी माणसासाठी सगळ्यात अवघड नियम हाच. एरवी मी बंड्याशी अखंड बोलत असते, अरे, हळू, शाब्बास, काय झालं, ते फक्त पिशवी आहे रे राजा. आता सगळं पाठीतून, मांडीतून, बोटांतून सांगायचं, आणि त्याला अंगावर माशी बसली तरी कळते म्हणजे माझी भीतीही कळतेच. मी श्वास रोखला की तो कान मागे करून विचारतो, काही आहे का? हॉल्ट झाला, मागचा एक पाय जरा बाहेर राहिला. लगाम एका हातात, दुसरा हात खाली, मान लववली. मग डावीकडे, गोल, कोपरा, आणि कँटरला पाऊल टाकताना त्याला एकदम महालक्ष्मीच्या रेसकोर्सची आठवण आली असावी, चार ढांगा जोरात गेला, मी ओढलं नाही, नुसती उंच बसले आणि श्वास सोडला, आणि तो परत आला. बाहेरून कुणाला दिसलंही नसेल. मला विचाराल तर सगळ्या सकाळची किंमत त्या चार ढांगांत वसूल झाली.

पाच मिनिटांत संपतं. पण मला आवडतो तो यानंतरचा भाग, मार्कांचा कागद. सी च्या मागे जज बसलेल्या असतात, शेजारी लिहून घेणारा, आणि आपण करत असतो त्या प्रत्येक हालचालीला शून्य ते दहामधला मार्क आणि एक छोटा शेरा मिळतो. "नॉट स्क्वेअर." "नीड्स मोर बेंड." "टेन्स." आता विचार करा, चाळिशी उलटल्यावर आपल्याकडे कोण असं पाच मिनिटं सलग बघतं हो? ऑफिसात वर्षातून एकदा अप्रेझल, तेही कुणीतरी फोनकडे बघत करतं. घरी आमटी सपक झाली तरच शेरा. इथे एक अनोळखी बाई डोळ्यात तेल घालून माझा डावा गोल बघते आणि लिहिते की दुसऱ्या अर्ध्यात जरा अंडाकृती झाला. टीका आहे, पण पूर्ण लक्ष देऊन केलेली, कुणाशी तुलना न करता. मला तर तो लाड वाटतो. आणि कँटरच्या त्या गडबडीपुढे साडेपाच मार्क आणि दोनच शब्द, "टॅक्टफुली रिडन." कुणाला सांगू नका, पण त्याचा फोटो काढून ठेवलाय.

एकूण 61 टक्के. घरच्या ग्रुपवर टाकलं तर शांतता. ज्या घरात दहावीला 92 पडल्यावर "गणितात कुठे गेले?" विचारतात तिथे 61 म्हणजे सांत्वनाचाच विषय. शेवटी सासऱ्यांनी लिहिलं, "फर्स्ट क्लास आहे, नाराज होऊ नकोस." मग समजावून सांगितलं की बाबा, इथे सहा म्हणजे समाधानकारक, सात म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, आणि दहा मार्क बघायला मिळणं दुर्मीळ. 2023 ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये आपल्या ड्रेसाज टीमने सुवर्ण घेतलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं सुवर्ण, तेव्हा अनुष अगरवालाचे 71.088 होते, आपल्या मुंबईच्या हृदय छेडाचे 69.941 आणि दिव्यकृती सिंहचे 68.176. टीमच्या पहिल्या तिघांची बेरीज धरतात. (त्यांची टेस्ट आणि माझी टेस्ट यात किती अंतर आहे ते मी सांगितलं नाही, सांगायची गरज काय.) सासरे थोडा वेळ टाइप करत होते, मग आलं, "म्हणजे सुवर्णपदकाला फक्त सात-आठ टक्के कमी पडले?" मी अंगठा दिला.

जजशी माझं एकाच बाबतीत पटत नाही. फ्री वॉकला पाच. यात लगाम सैल सोडून घोड्याने मान लांब करून मोकळी ढांग टाकत कर्ण ओलांडायचा असतो, आणि त्याचे मार्क दुप्पट धरतात, म्हणजे मोठाच फटका. शेरा होता, "कुड कव्हर मोर ग्राउंड." बाई, तुम्ही जरा उठून आमच्या मागे यायला हवं होतं. चंदीची वेळ झालेली, तबेला समोर दिसतोय, मामा बादली वाजवतायत, तेव्हाचा बंड्याचा वॉक, नाक पुढे, लगाम पूर्ण सैल, मागचा पाय पुढच्या ठशाच्या वीतभर पुढे. नऊ. साडेआठच्या खाली मी ऐकून घेणार नाही.