'वन्नु' आणि केरळचा पाणिनी

गेल्या वर्षीपासून मी मलयाळम शिकतेय, आणि शिकवणारी माझी वहिनी आहे. ती मूळची केरळची, लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिनं सहा महिन्यांत मराठी शिकून घेतली होती, म्हटलं आता आपली पाळी. लिपीचा टप्पा कसाबसा पार झाला आणि क्रियापदं सुरू झाली. मी वहीत रीतसर तक्ता आखला, मी आलो, मी आले, तू आलास, तू आलीस, तो आला, ती आली, ते आले, त्या आल्या, आणि वहिनीला म्हटलं आता याच्यासमोर एकेक मलयाळम रूप सांग. ती म्हणाली, "अगं, तक्ता कशाला? ञान् वन्नु, नी वन्नु, अवन् वन्नु, अवळ् वन्नु. सगळ्यांना वन्नुच." आठ ओळींसमोर एकच शब्द. मी दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की.

माझं शिक्षण संस्कृतचं. दहा लकार, तीन पुरुष, तीन वचनं हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की क्रियापदाला पुरुषच नाही ही गोष्ट पचेना. बरं, शेजारच्या तमिळमध्ये तसं नाहीये, तिथे नान् वन्देन्, नी वन्दाय्, अवळ् वन्दाळ् असं प्रत्येकाचं वेगळं रूप आहे. मग मलयाळमचं काय झालं? हे शोधता शोधता मी ज्या माणसापर्यंत पोचले त्याच्याबद्दल आज लिहायचंय, कारण मराठीत त्यांच्याबद्दल मला फारसं काही वाचायला मिळालं नाही आणि मिळायला हवं असं मनापासून वाटतं.

ए. आर. राजराज वर्मा. केरळात नुसतं 'एआर' म्हटलं तरी चालतं. जन्म 20 फेब्रुवारी 1863, चंगनाश्शेरीच्या लक्ष्मीपुरम वाड्यात. लोक त्यांना केरळपाणिनी म्हणतात, आपण दादोबा पांडुरंगांना मराठीचे पाणिनी म्हणतो तसंच. पण माझ्या मते दादोबांपेक्षा मोरो केशव दामल्यांशी त्यांची तुलना जास्त जुळते, काळही तोच. दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण 1911 चं, आणि एआरांचं 'केरलपाणिनीयम्' आधी 1896 ला आलं, मग त्यांनी ते जवळजवळ नव्यानं लिहून 1917 ला पुन्हा काढलं. स्वतःचं गाजलेलं पुस्तक वीस वर्षांनी परत मुळापासून लिहायला घेणं यातच तो माणूस कळतो मला.

त्या 1917 च्या आवृत्तीच्या पीठिकेत माझ्या 'वन्नु'चं उत्तर आहे. जुन्या तमिळ रूपापासून मलयाळम वेगळी कशी झाली हे सांगताना एआरांनी सहा 'नय', म्हणजे बदलाचे नियम, मांडलेत आणि त्यांना संस्कृत नावं दिलीत. त्यातलं एक पुरुषभेदनिरास! म्हणजे क्रियापदातला पुरुषाचा भेद गळून पडणं. वन्देन् वन्दाय् वन्दाळ् यांचे शेपटाचे प्रत्यय झडले आणि नुसतं वन्नु उरलं. मी ते नाव वाचलं आणि दोन मिनिटं तशीच बसून राहिले, इतकं नेमकं नाव. दुसरा नय अनुनासिकातिप्रसर, म्हणजे अनुनासिकाचं शेजारच्या व्यंजनावर पसरणं, तमिळमध्ये हळद म्हणजे मंजळ् तर मलयाळममध्ये मञ्ञळ्, ज ला ञ नं गिळून टाकलं. वन्दमधला द पण असाच न झाला. मग तवर्गोपमर्द, दंत्य त चा तालव्य च होणं, तमिळ अडित्तान् आणि मलयाळम अडिच्चु. शब्दाच्या शेवटचा उ अर्धवट मिटून जाणं ते स्वरसंवरण. राहिलेले दोन खिलोपसंग्रह आणि अंगभंग, जुनी रूपं जपून ठेवणं आणि प्रत्ययांचे तुकडे पडणं. पुढच्या अभ्यासकांनी यातल्या काही गोष्टींवर वाद घातलेत, मलयाळम तमिळपासून निघाली की दोघी एकाच आईच्या, हा प्रश्न अजून तापलेलाच असतो, पण वादसुद्धा या सहा नयांना धरूनच होतो.

मला यातलं सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू? हा माणूस संस्कृतचा पंडित होता, साधासुधा नाही, संस्कृतात 'आंग्लसाम्राज्यम्' नावाचं महाकाव्य लिहिलेला, पाणिनीची सूत्रं नव्या क्रमानं लावून 'लघुपाणिनीयम्' लिहिणारा, तिरुवनंतपुरमच्या संस्कृत कॉलेजचा प्रिन्सिपल. अशा माणसाला आपल्या भाषेवर संस्कृतचा साचा ठोकून बसवणं किती सोपं होतं, आपल्याकडेही पुष्कळांनी तेच केलं. एआरांनी पाणिनीकडून शिस्त घेतली आणि मलयाळमला तिच्या द्राविड नात्यागोत्यात ठेवून बघितलं. काल्डवेलचं द्राविड भाषांचं तुलनात्मक व्याकरण 1856 ला येऊन गेलं होतं, गुंडर्टचा मलयाळम कोश 1872 ला, ते सगळं त्यांनी नीट वापरलं. नियम मात्र लिहिले मलयाळममधल्या छोट्या छोट्या कारिकांत, म्हणजे श्लोकांत, पाठ करता येतील अशा.

आता मामांबद्दल सांगायला हवं, त्यांच्याशिवाय एआर कळत नाहीत. केरळ वर्मा वलिय कोयित्तंपुरान हे नात्यानं त्यांचे मामा, आणि तिथल्या मातृवंशीय घरांत मामाचं स्थान बापापेक्षा मोठं. केरळ वर्मा त्रावणकोरच्या थोरल्या राणीचे, लक्ष्मीबाईंचे पती, आणि राजा रविवर्मांची बायको या राणीची धाकटी बहीण, म्हणजे आपल्या लोणावळ्याच्या प्रेसवाले रविवर्मा आणि केरळ वर्मा सख्खे साडू! 1875 साली राजाची मर्जी फिरली आणि केरळ वर्मांना अटक झाली, आधी आलप्पुळा आणि मग हरिप्पाडला नजरकैद. 1880 ला तो राजा गेला तेव्हा कुठे सुटका. आणि हरिप्पाडच्या त्या बंदिवासात मामांकडे शिकायला होता तो हा भाचा, बारा-पंधरा वर्षांचा. राजाच्या रागामुळे एका मुलाला अख्खा गुरू घरबसल्या मिळाला. त्याच कैदेची आठवण धरून मामांनी पुढे 1894 ला 'मयूरसंदेशम्' लिहिलं, मेघदूतासारखं, फक्त ढगाऐवजी मोर, आणि निरोप खऱ्याखुऱ्या बायकोला.

लोक मामांना केरळ-कालिदास म्हणायचे. आणि याच मामांशी भाच्याचा जाहीर वाद झाला.

वाद होता द्वितीयाक्षर प्रासाचा. म्हणजे श्लोकाच्या चारही चरणांत दुसरं अक्षर एकच हवं. मराठीत करून बघा म्हणजे कळेल, पहिली ओळ 'कमळ'नं सुरू केली तर दुसरी 'समीर'नं, तिसरी 'उमलले'नं, चौथी 'रमली'नं, आणि हे शंभर-दोनशे श्लोक सलग. आपलं यमक ओळीच्या शेवटी असतं, हे सुरुवातीलाच येऊन बसतं त्यामुळे वाक्य तिथूनच वाकायला लागतं. ही चाल फार जुनी आहे, चौदाव्या शतकातल्या 'लीलातिलकम्' या ग्रंथात पाट्टू या काव्यप्रकाराच्या लक्षणात ती 'एतुक' नावानं येते. मामांचं म्हणणं, हा मलयाळम कवितेचा दागिना आहे, तो हवाच. भाच्याचं म्हणणं, सहज आला तर येऊ दे, पण त्याच्यासाठी अर्थाची ओढाताण नको. त्या काळच्या मासिकांतून, वर्तमानपत्रांतून या एका अक्षरावरून केरळातले कवी दोन बाजूंना वाटले गेले. के. सी. केशव पिळ्ळांनी 'केशवीयम्' हे महाकाव्य प्रासाशिवाय लिहून दाखवलं, उळ्ळूरांनी 'उमाकेरळम्' प्रास सांभाळून लिहिलं. याच पिढीत आपल्याकडे केशवसुत जुन्या चौकटी मोडत होते हे आठवलं की छान वाटतं, कोणी कोणाला ओळखत नसताना.

आणि दोघांच्या स्वभावातला फरक बघायचा तर शाकुंतल बघावं. मामांनी 1882 च्या सुमाराला त्याचं मलयाळम भाषांतर केलं, संस्कृतप्रचुर, भारदस्त मणिप्रवाळ शैलीतलं, म्हणजे मलयाळम आणि संस्कृतची सरमिसळ असलेलं. तीसेक वर्षांनी भाच्यानं तेच नाटक पुन्हा घेतलं आणि नावच ठेवलं 'मलयाळशाकुंतलम्'. वहिनीनं मला दोन्हींतला एकच श्लोक वाचून दाखवला. मामांच्या श्लोकात मला संस्कृत शब्द पटापट ओळखू आले आणि भाच्याच्या श्लोकात वहिनीला थांबून अर्थ सांगावा लागला, म्हणजे तो खरा मलयाळम होता.

बाकी कामं भराभर सांगते. अलंकारांवर 'भाषाभूषणम्' 1902, वृत्तांवर 'वृत्तमंजरी' 1904. वृत्तमंजरीत काकळी वृत्ताची व्याख्या काकळी वृत्तातच आहे, तीन अक्षरांत पाच मात्रांचा एक गण, असे आठ गण दोन ओळींत. एळुत्तच्छनच्या अध्यात्म रामायणात हे वृत्त सारखं भेटतं, आपल्या ओवीसारखं घराघरात पोचलेलं. मग गद्य कसं लिहावं यावर 'साहित्यसाह्यम्' 1911. त्यात विरामचिन्हांना त्यांनी दिलेली नावं आहेत आणि मी त्यांच्या प्रेमातच पडलेय. स्वल्पविराम म्हणजे अंकुश! माहुताचा अंकुश, दिसतोही तसाच आणि वाक्याच्या हत्तीला जरा थांबवतोही. पूर्णविराम बिंदू, दोन ठिपके एकावर एक ते भित्तिका, अर्धविराम रोधिनी. आपली नावं नीटनेटकी आहेत पण अंकुशाला तोड नाही.

एक गोष्ट मात्र घाईत सांगण्यासारखी नाही. 1911 मध्ये कुमारन आशान यांच्या 'नळिनी'ला प्रस्तावना एआरांनी लिहिली. आशान ईळवा समाजातले, ज्यांना तेव्हा त्रावणकोरात देवळांजवळच्या रस्त्यांवरून चालायची बंदी होती, त्या बंदीविरुद्धचा वैक्कमचा सत्याग्रह व्हायला अजून तेरा वर्षं होती. आणि राजघराण्याशी सोयरिक असलेला, संस्कृतातला सर्वात मोठा मानला जाणारा माणूस त्यांच्या कवितेसमोर उभं राहून वाचकांना सांगतो की हे नवं आहे, हे नीट वाचा. प्रस्तावनेनं जात मोडत नाही हे मलाही कळतं, पण त्या दिवसांत ते पान छापलं जाणं लहान नव्हतं.

सप्टेंबर 1914. मामा आणि भाचा वैक्कमच्या देवळातून मोटारीनं परत येत होते, एकाच गाडीत. कायंकुळमजवळ गाडी उलटली. एआर वाचले, केरळ वर्मा त्या जखमांनी गेले, एकोणसत्तर वर्षांचे होते. इतकी वर्षं छापून भांडलेली दोन माणसं देवदर्शनाला बरोबर जात होती, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं त्या दिवशी.

त्यानंतर तीन वर्षांनी केरलपाणिनीयमची दुसरी आवृत्ती आली आणि लगेच पुढच्या वर्षी, 18 जून 1918 ला एआर गेले. पंचावन्न वर्षं फक्त.

आशानांनी त्यांच्यावर विलापकाव्य लिहिलं, 'प्ररोदनम्', 1919 चं, शार्दूलविक्रीडितात. गेल्या रविवारी मी आणि वहिनीनं त्याचा पहिला श्लोक लावायला घेतला. अवेळी आलेले काळे ढग, रानं आणि खाडीचं पाणी आणि समुद्राच्या लाटा दिसेनाशा होतात, सह्याद्रीची शिखरंसुद्धा. सह्याद्री शब्द मला आपणहून वाचता आला. मी बोट ठेवून पुन्हा वरून सुरू केलं, पहिली ओळ 'मूडुम्'नं सुरू होते, दुसरी 'काडुम्'नं. दुसरं अक्षर बघ, मी वहिनीला म्हटलं. तिनं बघितलं, दोन्हीकडे तेच होतं.