फ्रंटपेज २००३ नव्या संगणकावर चालवताना: माझा अनुभव

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ २००४ साली मायक्रोसॉफ्ट फ्रंटपेज २००३ हा संकेतस्थळे बनवण्याचा प्रोग्रॅम वापरून तयार झाले आणि तेव्हापासून त्याची देखभाल माझ्याकडे आहे. दुर्मिळ ग्रंथांची यादी, व्याख्यानमालांचे वृत्तांत, जुन्या देणगीदारांच्या नोंदी अशी सुमारे एकशेचाळीस पाने त्यात आहेत. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात वाचनालयातला विंडोज एक्सपीचा संगणक कायमचा बंद पडला आणि त्याच्या जागी विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप आला. फ्रंटपेज त्या लॅपटॉपवर चालवण्यात माझे जवळपास तीन आठवडे गेले. ज्यांच्याकडे अशीच जुनी मराठी संकेतस्थळे असतील, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहून ठेवत आहे.

संकेतस्थळ इंटरनेटवर आहेच, तर पाने तिथूनच उतरवून घ्यावीत आणि नव्या साधनात पुन्हा बांधावीत, असे मला अनेकांनी सुचवले. ते मी मानले नाही, कारण इंटरनेटवर दिसते ते केवळ तयार झालेले पान असते. कोणता मजकूर कोणत्या पानातून सर्वत्र ओढला जातो, सामायिक शीर्षपट्टी कुठे ठेवली आहे, पानांचा एकमेकांशी वडील-धाकटेपणाचा क्रम कसा लावला आहे, हे सारे मूळ फोल्डरमध्ये असते आणि ते नीट वाचता येते फक्त फ्रंटपेजलाच. शिवाय देणगीदारांची काही पाने तयार होऊनही कधी चढवलेली नव्हती. ती त्या जुन्या डिस्कखेरीज कुठेही नव्हती.

म्हणून सर्वांत आधी डिस्क. जुनी डिस्क रुंद पट्टीच्या वायरने जोडण्याच्या प्रकारची होती, त्यामुळे ती यूएसबीला जोडणारा अडॅप्टर आणावा लागला. संपूर्ण फोल्डरची एक प्रत मी पेनड्राइव्हवर आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर घेतली आणि पुढचे सगळे प्रयोग तिसऱ्या प्रतीवर केले. ही काळजी पुढे दोनदा कामी आली.

फ्रंटपेजची मूळ सीडी आणि तिच्या वेष्टनावरची किल्ली (प्रोग्रॅम बसवताना लागणारा सांकेतिक क्रमांक) वाचनालयाच्या कपाटात जपून ठेवलेली होती, हे आमचे भाग्य. ज्यांच्याकडे ती नसेल त्यांनी अनोळखी ठिकाणांहून हा प्रोग्रॅम उतरवण्याच्या मोहात पडू नये, असे मी कळकळीने सांगेन. ज्या प्रोग्रॅमचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे, त्याच्या नावाखाली कोणीही काहीही वाटू शकतो. नव्या लॅपटॉपला सीडी घालण्याची सोय नव्हती, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला आणि सीडीची प्रतिमा-फाइल, म्हणजे सबंध सीडीची एका फाइलमधली नक्कल, करून ठेवली. विंडोजमध्ये अशा फाइलवर दोनदा क्लिक केले की ती स्वतंत्र ड्राइव्हसारखी उघडते, त्यामुळे सीडी पुन्हा पुन्हा फिरवावी लागली नाही.

प्रोग्रॅम बसेल की नाही, याची मला मोठी शंका होती. प्रत्यक्षात तो विनातक्रार बसला, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटांच्या स्वरूपात मिळते. ते १६ बिटांचे प्रोग्रॅम मुळीच चालवत नाही, पण ३२ बिटांच्या प्रोग्रॅमसाठी त्यात स्वतंत्र व्यवस्था आहे. फ्रंटपेज २००३ हे ३२ बिटांचे असल्यामुळे ते त्या व्यवस्थेत मुकाट्याने जाऊन बसते. एक गोष्ट मात्र पहिल्या खेपेला माझ्याकडून चुकली. सर्व घटक एकदम न बसवता काही घटक ‘पहिल्या वापराच्या वेळी’ बसवण्याचा पर्याय मी तसाच राहू दिला, आणि मग दर थोड्या वेळाने प्रोग्रॅम सीडी मागू लागला. काढून पुन्हा बसवताना सगळे घटक संगणकावरच ठेवण्याचा पर्याय निवडला, तेव्हा ही कटकट थांबली. त्यानंतर ऑफिस २००३ च्या मालिकेतला तिसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा संचही, चढवला.

खरी अडचण पुढे होती. प्रोग्रॅम उघडत असे, पान दिसत असे, पण रचना आणि कोड एकाच वेळी दाखवणाऱ्या ‘स्प्लिट’ दृश्यावर क्लिक करताच तो कोसळत असे. चार दिवस मी प्रोग्रॅमला जुन्या विंडोजसारखे वातावरण देणाऱ्या सुसंगततेच्या टॅबवर जाऊन कधी एक्सपी, कधी विंडोज ७ निवडून पाहिले. त्याने काहीही फरक पडला नाही. कारण अगदी वेगळ्याच जागी निघाले. फ्रंटपेज आपल्या खिडक्यांची आणि पट्ट्यांची मांडणी ‘सीएमडीयूआय’ नावाच्या, ‘पीआरएफ’ प्रत्यय असलेल्या एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवते. ती वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातील फ्रंटपेजच्या ‘स्टेट’ उपफोल्डरात असते. ही फाइल बिघडली की प्रोग्रॅम असा कोसळतो. फ्रंटपेज बंद करून ती फाइल पुसली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, त्याने स्वतःच नवी कोरी फाइल तयार केली आणि स्प्लिट दृश्य सरळ उघडले. त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. नंतरही दोन वेळा ही फाइल पुसावी लागली, म्हणून तिचा पत्ता मी वाचनालयाच्या वहीत लिहून ठेवला आहे.

अक्षरे धूसर दिसणे हा दुसरा त्रास होता. लॅपटॉपचा पडदा दाट ठिपक्यांचा आणि फ्रंटपेज त्या काळातले, त्यामुळे विंडोज त्याचे चित्र ताणून मोठे करत होते. प्रोग्रॅमच्या गुणधर्मांत सुसंगततेच्या टॅबवर उच्च डीपीआयची सेटिंग बदलून ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ हा पर्याय निवडल्यावर मजकूर बराच स्पष्ट झाला. बटणे अजूनही थोडी मऊ दिसतात, पण काम अडत नाही.

मग संकेतस्थळ उघडले. लॅपटॉपवरचा ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर वनड्राइव्हशी, म्हणजे फाइली आपोआप इंटरनेटवर साठवणाऱ्या सेवेशी, जोडलेला होता आणि मी प्रत तिथेच ठेवली होती. फ्रंटपेज प्रत्येक पानामागे ‘व्हीटीआय’ने सुरू होणाऱ्या फोल्डरांत स्वतःच्या छोट्या छोट्या नोंदी ठेवते. ती अक्षरे मायक्रोसॉफ्टची नाहीत. हा प्रोग्रॅम मुळात व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीने घडवला होता आणि जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. तिची आद्याक्षरे त्या फोल्डरांच्या नावांत आजही टिकून आहेत. या शेकडो छोट्या फाइली वनड्राइव्ह एकीकडे वर चढवत होते आणि फ्रंटपेज दुसरीकडे बदलत होते. परिणामी जतन करताना वारंवार अडथळा येऊ लागला आणि एक प्रत अर्धवट बिघडली. डिस्कच्या मुळाशी वेगळा फोल्डर करून तिथे ताजी प्रत ठेवल्यावर हा प्रश्न संपला.

सर्वांत नाजूक भाग मराठी मजकुराचा होता. २००४ साली आमच्यासारख्या अनेक संकेतस्थळांवर युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेला फॉन्ट वापरायचा आणि वाचकाच्या संगणकावर तो आपोआप पोहोचावा म्हणून त्याची ‘ईओटी’ स्वरूपातली फाइल पानाला जोडायची, अशी पद्धत होती. हे स्वरूप इंटरनेट एक्स्प्लोररपुरतेच राहिले, म्हणून क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये आमची पाने कित्येक वर्षे निरर्थक रोमन चिन्हांची रांग म्हणून दिसत होती. फ्रंटपेजचा ‘प्रीव्ह्यू’ विंडोजमधील त्याच जुन्या एक्स्प्लोररच्या इंजिनावर चालतो, म्हणून तिथे तरी मराठी दिसेल अशी माझी अपेक्षा होती. दिसले नाही, कारण ती ईओटी फाइल तयार करतानाच आमच्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली होती आणि स्वतःच्या डिस्कवरून उघडलेल्या पानाला ती लागू होत नव्हती. जुन्या डिस्कवरून मूळ टीटीएफ (संगणकावर बसवायच्या नेहमीच्या स्वरूपातला) फॉन्ट काढून लॅपटॉपवर बसवला, तेव्हा कुठे रचना दृश्यात देवनागरी उमटली.

तरीही काही अक्षरांच्या जागी चौकोन येत होते, आणि हे मला फार छळले. जोडाक्षरे आणि रफार नेमके १२७ च्या वरच्या क्रमांकांवर होते आणि तेच नाहीसे होत होते. शोध घेता घेता आठवले की, दुसऱ्या एका कामासाठी मी विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये ‘जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ ८ वापरा’ या चाचणी स्वरूपातील पर्यायावर खूण केली होती (यूटीएफ ८ ही युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत). जुन्या प्रोग्रॅमसाठी तो पर्याय घातक ठरतो, कारण एका बाइटचे चिन्ह म्हणून लिहिलेला मजकूर मग यूटीएफ ८ समजून वाचला जातो. खूण काढून संगणक पुन्हा सुरू केल्यावर सर्व अक्षरे परतली. त्या अवस्थेत पाने जतन केलेली एक प्रत मात्र मला टाकून द्यावी लागली.

पाने चढवण्याचे काम फ्रंटपेजकडे देता आले नाही. त्याची स्वतःची पद्धत सर्व्हरवर बसवलेल्या ‘फ्रंटपेज एक्स्टेन्शन्स’ या जोड-प्रोग्रॅमांवर अवलंबून होती आणि आमच्या सर्व्हरवर त्या केव्हाच काढलेल्या आहेत. सर्व्हरला आता एसएफटीपी ही फाइली सुरक्षितपणे पाठवण्याची पद्धत लागते, जी फ्रंटपेजला येत नाही. म्हणून मी फाइलझिला हा फाइली चढवण्याचा प्रोग्रॅम वापरते आणि ‘व्हीटीआय’चे फोल्डर वगळून बाकी सर्व चढवते. भेटींची संख्या मोजणारा आकडा आणि अभिप्रायाचा अर्ज ही दोन्ही कामे एक्स्टेन्शन्सशिवाय होत नाहीत, तेव्हा ती काढून टाकली. उलट, एका पानातला मजकूर इतर पानांत घालणारा ‘इन्क्लूड’ घटक जतन करतानाच आपले काम पुरे करतो. त्यामुळे वाचनालयाचा नवा दूरध्वनी क्रमांक मी एका जागी बदलला आणि तो सर्व पानांवर बदललेला पाहिला.

मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचे काम आता चालू आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो, म्हणून ‘किल्ला’ आणि ‘सूर्य’ या दोन्ही शब्दांत चिन्हांची अदलाबदल करावी लागते. परिवर्तकाने, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनाने, दिलेला मजकूर मी छापील वृत्तांतांशी ताडून पाहते, कारण देणगीदाराचे आडनाव चुकले तर ते दुरुस्त करणारे आता कोणी उरलेले नाही. आजवर एकशे नऊ पाने झाली आहेत. उरलेली पाने होईपर्यंत फ्रंटपेज त्या लॅपटॉपवर राहील, आणि त्याचा आधार संपलेला असल्यामुळे ते उघडण्याआधी मी वायफाय बंद करते.